भ्याला कामाला लावणारी आत्या

कोल्हापुरात ताकदवान माणसांचा तोटा कधीच नव्हता. भित्र्या माणसांचाही नसावा, फक्त ती तसं सांगत नाहीत. पण या दोन्ही परीक्षांत एकाच वेळी पहिला नंबर काढणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी थोरली आत्या. आत्या कशाकशाला भ्यायची ते सांगत बसले तर दिवस मावळेल. ती पालीला भ्यायची, आभाळातल्या विजेला भ्यायची आणि घरातल्या विजेला त्याहून भ्यायची. दिव्याचं बटण दाबायचं ते लाकडी रवीच्या दांड्यानं, लांबून, तोंड फिरवून. डॉक्टरांना भ्यायची कारण ते रोग सांगतात, आणि वैद्यांना भ्यायची कारण ते नीट सांगत नाहीत. तारवाल्याचा तर तिनं असा धसका घेतला होता की, गल्लीच्या तोंडाशी खाकी सदरा दिसला की दाराला आतून कडी पडायची. मग तो बिचारा नळपट्टीचा माणूस का असेना. मोठा रस्ता ओलांडायची वेळ आली की ती डोळे गच्च मिटून "शिवा शिवा" म्हणत सरळ चालू लागायची, आणि टांगेवाले, सायकलवाले, म्हशी, सगळे आपापल्या परीनं तिला वाचवायचे. शेवटी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तिला गल्लीबाहेर एकटीनं जायची बंदी केली. तिनंही ती आनंदानं पाळली.

आणि अशी ही बाई अंगानं मात्र काय होती म्हणता! हमालानं ज्वारीचं पोतं दारात टाकलं आणि घाम पुसायला थांबला की आत्या म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं लेकरा, दमलास तू," आणि त्याचा घाम पुसून होईपर्यंत पोतं माजघरात पोचलेलं असायचं. शेजारी शिंप्याचं घर होतं. त्यांच्या बीबीला शिवणाचं यंत्र या खोलीतून त्या खोलीत न्यायचं असलं की ती घरातल्या दोन जवान मुलांना न सांगता आत्याला हाक मारायची. मुलं यंत्र आपटतात, अक्का आपटत नाहीत, असं तिचं म्हणणं. परसात मामांच्या वडिलांचा नाल पडलेला होता. ते जुन्या काळचे पैलवान. नाल म्हणजे मध्ये मूठ धरायला दांडी ठेवून कोरलेला भलाथोरला दगड. तालमीतली पोरं तो एका हातानं उचलून ताकद आजमावतात. आत्या तो रोज सकाळी उचलायची, पण ताकद आजमावायला नव्हे. "दगडाखाली इंचू बसतोय की," असं म्हणत ती एका हातानं नाल अधांतरी धरायची आणि दुसऱ्या हातानं त्याखालची जागा झाडून काढायची. विंचवाच्या भीतीनं साऱ्या जगातल्या बायका दगडाच्या वाटेला जात नाहीत. आत्या विंचवाच्या भीतीनं रोज दगड उचलायची.

या दोन गोष्टींचं एकमेकींशी काय नातं आहे, ते मला मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी राहायला गेल्यावरच कळलं. साल अडुसष्ट-एकोणसत्तर असेल. मी कुरुंदवाडहून मास्तरकीचं ट्रेनिंग करायला, म्हणजे बी.एड.ला, कोल्हापुरात आले होते. गुळाचा हंगाम होता. मामा एका अडत्याकडे दिवाणजी होते, आणि हंगामात त्यांच्या परतण्याला काळवेळ नसायचा. पहिल्याच संध्याकाळी दिवेलागण होऊन गेली तरी मामा आले नाहीत. आत्या दारात गेली, आत आली, पुन्हा दारात गेली. मग एकदम तिनं पदर खोचला, माजघरातल्या सागवानी कपाटाला खांदा लावला आणि भांड्याकुंड्यांसकट ते कपाट करकर करत उत्तरेच्या भिंतीवरून दक्षिणेच्या भिंतीला नेऊन लावलं. मी तोंडाचा आ करून बघत राहिले.

"आत्या, हे काय?"

"मामा आलं न्हाईत अजून तुझं," आत्या म्हणाली, जणू यात सगळं आलं. मग जरा दम घेऊन म्हणाली, "बगत काय उभी ऱ्हायलीस? त्या अंगानं धर की. जरा अलीकडं घे. अंधारात ह्यांच्या नडगीला लागंल."

आम्ही ते वीतभर अलीकडं घेतलं. थोड्या वेळानं मामा आले, दिव्याची वाट न बघता सवयीनं आत शिरले, आणि त्यांची नडगी कपाटाला लागलीच. कपाट कुठंही ठेवलं तरी ती लागायची. मामांनी "आई गं" सुद्धा म्हटलं नाही. खाली बसून नडगी चोळत त्यांनी एवढंच विचारलं, "आज कपाट व्हय? काल खाट हुती." आणि आत्या "अयाई गं, पुन्यांदा लागलं की हो!" म्हणत आंबेहळद उगाळायला धावली. त्या घरात सहाण कधी कोरडी पडली नाही.

हळूहळू मला त्या घराचा नकाशा वाचता यायला लागला. खाट हलली असेल तर आकाशात वीज चमकून गेली असं समजायचं. पाण्याचा रांजण हलला असेल तर कुणाच्या तरी घरी तार आली होती. आणि कपाट हललं असेल तर मामांना उशीर झाला होता. आत्याला भीती वाटली की ती रडत नसे, देव पाण्यात घालत नसे, शेजारणींकडे जाऊन उसासे टाकत नसे. घरात जे सगळ्यात जड असेल ते हलवायची. शेवटी गुळाचा हंगाम सरला की मगच घर स्थिरस्थावर व्हायचं. मी एकदा मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही आत्याला काही बोलत का नाही? तुमच्या नडग्यांचं काय झालंय बघा." मामा हाडानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. ते पान जुळवत म्हणाले, "आगं, कपाट हललेलं दिसलं की कळतंय, आपली कुनीतरी वाट बगत हुतं." आणि पान तोंडात टाकल्यामुळे पुढे काही बोलले नाहीत.

आता माझं सांगते. मला त्या वयात धडधड व्हायची. याला दुसरं नाव तेव्हा आमच्याकडे नव्हतं. चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की छातीत घण पडायचे, हाताला कापरं भरायचं, घसा असा आवळून यायचा की माझं नाव विचारलं तरी सांगता येऊ नये. कुरुंदवाडच्या डॉक्टरांनी तांबडं औषध दिलं, आईनं नजर काढली, थोरल्या भावानं "नखरे आहेत" असं निदान केलं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसाराचं दुकान होतं. ते मोजूनमापून बोलणारे. त्यांनी मला एक वर्ष दिलं होतं. "शिक्षकीण हुतो म्हणतीस, हो. पण वरीस संपता पास झाली न्हाईस तर घरी यायचं आणि मी बघीन त्या ठिकाणी उभं ऱ्हायचं." स्थळ त्यांनी बघूनही ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता म्हणे. पण मला वर्गात उभं राहायचं होतं, फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं. आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. पहिल्या सराव पाठाला मी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळले, आणि खडू फळ्यावर टकटक टकटक वाजायला लागला. मुलं हसली. मी वळले, तोंड उघडलं, शब्द फुटला नाही. आणि मी वर्गातून जी निघाले ती थेट मंगळवार पेठ गाठली. वार्षिक पाठ परीक्षकांसमोर व्हायचा होता. तिथं असं झालं की खेळ खलास.

आत्या परसात भांडी घासत होती. माझं तोंड बघून तिनं हात धुतले.

"कशाला रडालीस?"

मी सगळं सांगितलं. धडधड, खडू, आप्पा, स्थळ, सगळं. मला वाटलं होतं की आत्या एक तर "जाऊ दे, बायकांच्या जातीला कशाला नोकरी" म्हणेल, नाहीतर कुठल्या देवाचा अंगारा लावेल. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हंजे माझ्यावरच गेलीस की गं तू!" आणि तिचा चेहरा इतका खुलला, की एखाद्या हरवलेल्या बहिणीचा पत्ता लागला असं कुणालाही वाटावं. "मला वाटलं, आपल्या घराण्यात मी एकटीच भित्री."

"मग करायचं काय, आत्या?"

"भ्या जात न्हाय, पोरी," आत्या म्हणाली. "मी लई हुसकून बघितलं. ते रिकामं बसलं की आपल्या उरावर बसतंय. त्याला कामाला लावायचं. दमलं की गप पडतंय."

पुढं मी तत्त्वज्ञान शिकले, मानसशास्त्राचा पेपर लिहिला, पण भीतीविषयी याच्याहून उपयोगाचं वाक्य मला कुठं भेटलं नाही. तेव्हा मात्र ते ऐकून माझी चिडचिडच झाली. मी काय वर्गातलं कपाट हलवू? तसं मी विचारलंही. आत्या म्हणाली, "आदी घरात तर हलवून बग."

माझ्यानं काय हलणार! मी तेव्हा अशी होते की वारा सुटला की आई खिडकी लावायची. आत्यानं माझे दंड चाचपले, हळहळली, आणि तिनं जे केलं ते मंगळवार पेठेत तोवर कुणी केलं नव्हतं. तिनं तालमीच्या वस्तादांना निरोप धाडला. आमच्या घरामागंच तालीम होती. पहाटे शड्डूंच्या आवाजानंच गल्ली जागी व्हायची. पण बाईमाणसानं तालमीची पायरी चढायची नाही हा तिथला रिवाज, आणि आत्या रिवाज मोडण्याच्या कल्पनेनंही भ्यायची. म्हणून तिनं पायरीच घरी बोलावली. वस्ताद आले, साठीचे, कानांच्या पाकळ्या चुरगळलेले, आणि उंबऱ्याच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्या आत, दाराआड. मी मधे.

"वैनी, कुनाला शिकवायचं म्हनता?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"भाचीला माज्या. धडधड हुतीया तिला."

वस्ताद बराच वेळ भिंतीशी विचार करत राहिले. मग म्हणाले, "कुस्तीच्या आदी समद्यास्नी हुतीया, वैनी. माझ्या पोरांस्नी बी हुतीया. फकस्त ती सांगत न्हाईत, लंगोट घट्ट करत बसत्यात." आणि मग त्या भल्या माणसानं भर गल्लीत, भिंतीकडे तोंड करूनच, पाय कसे रोवायचे, गुडघ्यात कसं बसायचं, पाठ कशी ताठ ठेवायची, हे करून दाखवलं. जाणारे येणारे थांबून बघत होते. बीबी खिडकीतून डोकावून म्हणाली, "या अल्ला, वस्तादांना शिक्षा कुणी केली?" जाताना वस्तादांनी दोन गोष्टी बजावल्या. दम कोंडून वजन उचलायचं नाही. आधी श्वास सोडायचा, मग हात घालायचा. आणि वजन वाढवायची घाई करायची नाही. आज पेललं तेवढंच उद्या, आणि परवा चिमूटभर जास्त.

आत्यानं "चिमूटभर" आपल्या मापानं घेतलं; तिची चिमूट म्हणजे पसा. तिनं एका जुन्या पिशवीत ज्वारी भरली, तोंड शिवलं नाही, सुतळीनं बांधलं. रोज सकाळी नाल उचलून विंचू नसल्याची खात्री झाली की आत्या परसात पिशवी ठेवायची आणि माझ्यासमोर उकिडवी बसायची. "पाय रोव. दम सोड. मग हात घाल. उचल की!" मी उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. मग बैठका. मग पुन्हा पिशवी. झालं की आत्या सुतळी सोडायची, पसाभर ज्वारी पिशवीत टाकायची आणि पुन्हा बांधायची. पहिले काही दिवस मला जिना उतरताना रडू यायचं, इतक्या मांड्या भरून यायच्या. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पिशवी खाली ठेवल्यावर माझी छाती धडधडत असायची, हात थरथरत असायचे, घशाला कोरड पडलेली असायची; म्हणजे वर्गात व्हायचं तेच सगळं. फक्त इथं मला त्याची भीती वाटत नव्हती. इथं त्याला कारण होतं. मी धापा टाकत बसायची आणि ते आपोआप शांत व्हायचं, रोजच्या रोज. धडधड येते तशी जातेही, हे माझ्या अंगाला आधी कळलं, डोक्याला मागाहून.

एका सकाळी मी पिशवी उचलली आणि ती अशी अलगद वर आली की मी मागंच गेले. मला ब्रह्मानंद झाला. मी ती डोक्यावर नेली, परसभर मिरवली, बीबीला हाक मारून दाखवली. त्या तोऱ्यात मी त्या दिवशी कॉलेजात गेले आणि सराव पाठ घेतला. छान झाला असं नाही, पण शेवटपर्यंत झाला. खडू वाजला, पण मी लिहीत राहिले. घरी येऊन आत्याला सांगितलं, तर तिनं आधी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि मग चोरासारखं तोंड केलं.

"एक सांगू? रागवायचं न्हाय."

"काय?"

"काल नेसरीचं पावणं आलतं न्हवं का जेवायला. पीठ सरलं. मी तुझ्या पिशवीतली ज्वारी काढली गं. भाकरी केल्या."

म्हणजे माझी सगळी ताकद नेसरीच्या पाहुण्यांनी पिठल्याबरोबर खाल्ली होती! मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग हसू आलं ते काही थांबेना. मामा ओसरीवरून म्हणाले, "भाकरी झाक झालत्या पन." मी त्या रात्री जेवताना खूप विचार केला. पिशवी हलकी होती, पण पाठ तर मीच घेतला होता. तो काही पाहुण्यांनी खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी आत्यानं काढली त्याहून पसाभर जास्तच ज्वारी भरली, आणि मी ती उचलली. जड गेली. पण उचलली.

वार्षिक पाठाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मामा वेळेवर घरी आले होते, आभाळ निरभ्र होतं, कुणाकडे तार नव्हती. तरी घरात खाट, रांजण, कपाट, तिन्ही हललेली. सकाळी पिशवी उचलून झाल्यावर आत्यानं दह्याची वाटी हातावर ठेवली, आणि मी गल्लीच्या वळणावरून मागं पाहिलं तर ती दारात उभी होती.

पाठ एका शाळेत सहावीच्या वर्गावर होता. विषय घर्षण. मागच्या बाकावर दोन परीक्षक, त्यातले एक असे की हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी आत गेले आणि सगळं जुनं परत आलं. घण, कापरं, घसा. माझी खात्री होती की इतक्या सकाळींच्या कसरतीनंतर ते येणार नाही. आलं की! तसंच्या तसं. क्षणभर दाराकडे नजर गेली, आप्पांचा चेहरा दिसला, न पाहिलेल्या त्या माणसाचाही दिसला. मग मी टेबलाच्या मागं, कुणाला दिसणार नाही असे, पाय रोवले. दम सोडला. धडधड होती, पण ती आता माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी परसात भेटायची तीच. मी फळ्याकडे वळले आणि "घर्षण" लिहिलं. खडू टकटकला. मी लिहीत राहिले. आवाजही फुटला, कापरा, पण फुटला. लाकडाचा ठोकळा आधी टेबलावरून ओढून दाखवला, मग खरकागदावरून. दोन प्रश्न झाले. आणि तिसऱ्याला माझी गाडी रुतली. पुढचं वाक्यच आठवेना. परीक्षकांनी पेन उचललं.

त्याच वेळी बाहेरून आवाज आला. करकर. करकर. करकर.

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. खिडकीतून पाहिलं, तर व्हरांड्यात माझी आत्या! पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि मुलांच्या पिण्याच्या पाण्याचं भलंमोठं भरलेलं पिंप ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलत होती. मोठा रस्ता ओलांडून, बंदी मोडून, डोळे मिटून "शिवा शिवा" करत ती एकटी तिथवर आली होती. आणि आल्यावर व्हरांड्यात हलवण्याजोगं दुसरं काही तिला सापडलं नव्हतं. शिपाई मागं मागं धावत होता. "ओ मावशी, ओ पावणं, काय करालाय हे?"

"तुमी तुमचं काम करा की," आत्या न थांबता म्हणाली. "आत पोरीचा पाठ चाललाय!"

मी वर्गाकडे वळले आणि विचारलं, "कसला आवाज येतोय, मुलांनो?"

"बाई, एक आज्जी पिंप ढकलालीया!" आख्खा वर्ग ओरडला.

"मग आवाज का येतोय?"

"पिंप फरशीला घासतंय!"

"आणि आजींना पिंप ढकलायला सोपं जावं, म्हणून काय करता येईल?"

मग जे हात वर झाले म्हणता! खाली पाणी ओता. खाली गोट्या घाला. तेल लावा. पिंप आधी रिकामं करा. खिडकीजवळचा एक मुलगा तळमळून म्हणाला, "बाई, आज्जीला थांबवा की आदी, दमली ती!" तो पाठ मी पुढं कसा संपवला ते मला आठवत नाही, पण घंटा झाली तेव्हा मी खुर्चीत बसले नव्हते की दाराबाहेर गेले नव्हते, फळ्यासमोर उभी होते. न हसणारे परीक्षक जाताना थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "शैक्षणिक साधनाची योजना कल्पक होती. पण पुढच्या वेळी शाळेची परवानगी घेत चला." त्यांना वाटलं, आत्या मीच बाहेर ठेवली होती.

मी पास झाले. आप्पांनी कुरुंदवाडहून पेढे आणले, स्थळाचं नाव काढलं नाही. आणि मामांना आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. आत्या बाजूला नसली की ते हळूच विचारायचे, "शैक्षणिक साधन कुठं गेलं गं?"

मला नोकरी लागली ती नेमकी नेसरीला. ज्यांनी माझी ज्वारी खाल्ली त्याच पाहुण्यांच्या ओळखीनं खोली मिळाली, तेव्हा मी तो हिशेब मनातून मिटवून टाकला. भीती गेली का, असं मला अजून माझ्या विद्यार्थिनी विचारतात. गेली नाही. नव्या वर्गासमोर पहिल्या दिवशी अजून घण पडतात. पण माझ्या खोलीत एक पिशवी आहे, आणि ज्या मुली माझ्याकडे रडत येतात त्यांना मी आधी ती उचलायला लावते. त्यांना वाटतं, बाईंचं डोकं फिरलंय. वाटू दे.

गेल्या हंगामात मामा गेले. गुळाच्या पेढीवरच, बसल्या जागी. तार मला आली. आत्याकडे माणूसच धावत गेला होता. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी रजा काढून मागं राहिले. आणि मला त्या घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते दोन दिवस कळलंच नाही. मग कळलं. कपाट उत्तरेच्या भिंतीला होतं. कालही तिथंच होतं, परवाही. खाट तिथंच, रांजण तिथंच. परसातला नाल उचलला गेला नव्हता. त्याच्याभोवती पाला साठला होता. आत्या भिंतीला टेकून बसलेली असायची. समोर पाल फिरली, तिनं नुसतं बघितलं. पोस्टमन आला, तर दार उघडून "काय हाय, पावणं?" म्हणाली. दुपारी आभाळ कडाडलं. तिनं मान वर केली नाही.

"आत्या, भ्या नाही वाटलं?"

"आता कशाचं भ्या, पोरी," आत्या म्हणाली. "हुयाचं ते हुन गेलं की."

इतकी वर्षं मी माझ्या भीतीला नावं ठेवली, पण आत्याची भीती गेलेली पाहून मला जितकं भ्या वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. ही बाई अशीच बसून राहील आणि एक दिवस बसल्या बसल्याच निघून जाईल, हे मला स्वच्छ दिसलं. शब्दांनी काही होतं, असं तिनं मला शिकवलंही नव्हतं.

दिवेलागण झाली. मामांची यायची वेळ. मी उठले, पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. पाय रोवले, दम सोडला. कपाट जरासं करकरलं आणि अडलं. पुन्हा रेटलं. पुन्हा अडलं. वय माझंही झालंय.

"कशाला एकटी मराय लागलीस?" मागून आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. भिंतीचा आधार घेत कुणीतरी उठल्याची, पाय ओढत आल्याची चाहूल लागली. मग कपाटाच्या दुसऱ्या अंगाला हात टेकले गेले. "त्या अंगानं धर. हं. थांब, मी बी लावतो की खांदा."

आम्ही दोघींनी मिळून ते कपाट माजघरभर ओढत दक्षिणेच्या भिंतीला नेलं. आत्या धापा टाकत होती, कपाळावर घाम होता, आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता. तिनं कपाटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि म्हणाली,

"जरा अलीकडं घे. अंधारात ह्यांच्या नडगीला लागंल."

म्हणाली आणि तिचे हात तिथंच थांबले. मी खांदा लावला. कपाट वीतभर अलीकडं घेतलं.